कटिंग शिकवताना आधी फॉर्म्युला की आधी अंगकाठी?

टेप_खडू_सोलापूर

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात घराच्या पुढच्या खोलीत माझा लहानसा स्टुडिओ आहे. स्टुडिओ आपलं म्हणायला. कटिंगचं टेबल, एक पायमशीन, एक जुकी (विजेवरची वेगवान मशीन), मोठा आरसा आणि ट्रायलसाठी कोपऱ्यात पडदा. सकाळी मापाचे कपडे शिवते, दुपारी दोन ते चार क्लास. नळाला पाणी येतं त्या दिवशी क्लासला सुट्टी, कारण त्या दिवशी पोरी येत नाहीत आणि मीही नळापासून हलत नाही.

याआधी मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गणवेशाच्या एका कारखान्यात कटिंगला होते. कापडाचे थर अंथरायचे, वरच्या थरावर मार्कर, म्हणजे सगळ्या भागांच्या आकृत्या काढलेला कागद, लावायचा आणि मशीन फिरवायची. चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. ज्या पोराच्या अंगावर तो शर्ट जाणार ते पोर कधी डोळ्यांसमोर यायचं नाही. त्या कामाने हाताला सफाई आली, आणि कापड वाया जाताना दिसलं की अजूनही पोटात गोळा येतो.

आता मूळ मुद्दा. क्लासला येणाऱ्या बहुतेक पोरींनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेले असतात. वहीत सगळं लिहिलेलं असतं: छातीचा चौथा भाग, मुंढा (बाही जोडायची गोलाई) अमुक, गळा तमुक. ‘अक्का, फॉर्म्युला सांगा, बाकी आम्ही करतो,’ म्हणतात. (निम्म्या पोरी तेलुगू घरातल्या, म्हणून मी अक्का.) आणि माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं फॉर्म्युल्यात बसत नाहीत.

कुंभारीच्या गोदूताई वसाहतीतून एक मावशी येतात. आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, मान खाली, खांदे पुढे. छाती ३६. त्यांच्या मापावर पोरींनी वहीतल्या फॉर्म्युल्याने बेतलं आणि मांजरपाटाचा ट्रायल ब्लाऊज शिवून मावशींना घातला. कागदावर हिशोब बिनचूक होता. अंगावर मात्र मागची पट्टी वर चढली, पुढचा गळा घशाला टेकला आणि खांद्याची शिवण मागे ओढली गेली. ‘छाती अर्धा इंच वाढवू या,’ पोरी म्हणाल्या. वाढवून काय होणार? ढिला होईल, पण चढायचा तसाच चढेल. कमी पडतंय ते पाठीच्या उंचीत.

मला वाटतं, पहिल्या दिवसापासून अंगकाठीच बघायला शिकवावी, फॉर्म्युला मागाहून. पण तीन महिन्यांत हे बसेल का? आणि गिऱ्हाइकाच्या कापडावर शिकाऊ पोरींना हात लावू द्यायचा का? अनुभवी लोकांनी सांगावं.

कात्रीवाले_काका

ताई, आमचं सगळं आयुष्य नवी पेठेत शर्ट, पँट आणि सफारीत गेलं, ब्लाऊज माझा प्रांत नव्हे. तरी बेतणं ते बेतणं, म्हणून लिहितो.

फॉर्म्युल्यावर एवढा राग धरू नका. मी झारापकर टेलरिंग क्लासच्या पद्धतीने शिकलो. त्या शिस्तीने हातात काटकोन आला आणि उभा धागा, आडवा धागा डोक्यात बसला. ज्याला मोकळ्या कागदावर सरळ छातीरेषा मारता येत नाही त्याला पाठीचा बाक दाखवून उपयोग काय? तेव्हा आधी फॉर्म्युला. पण तो मुळात कुठून येतो, हे त्याच दिवशी दाखवा.

कसं, ते सांगतो. समजा एक मास्तर मुंढ्याची खोली छातीचा सहावा भाग अधिक एक इंच घेतो, दुसरा आठवा भाग अधिक अडीच. छाती ३६ घ्या. पहिल्याचे सात, दुसऱ्याचेही सात. पोरी म्हणतील, दोन्ही बरोबर. मग ४४ ची छाती घ्यायला लावा. पहिल्याचे सव्वाआठच्या वर जातात, दुसऱ्याचे आठच राहतात. २८ ला उलटं होतं, पहिल्याचे पावणेसहाच्या आत आणि दुसऱ्याचे सहा. म्हणजे मधल्या मापाला दोघे गळ्यात गळे घालतात आणि कडेला गेलं की भांडतात. हे पोरींनी स्वतः फळ्यावर काढलं की त्यांच्या वहीचा दरारा आपोआप उतरतो. तुम्हाला भाषण द्यावं लागत नाही.

दुसरं, बाई जाडी झाली म्हणून तिची हाडं वाढत नाहीत. छाती चार इंच वाढली तरी खांदा जवळपास तेवढाच राहतो. फॉर्म्युला मात्र छातीबरोबर खांदाही वाढवत नेतो आणि बाही दंडावर लोंबते. म्हणून खांदा मोजूनच घ्या, हिशोबाने काढू नका.

आणि माप घेताना ‘सरळ उभ्या राहा’ असं कधी म्हणू नका. गिऱ्हाईक लगेच छाती काढून, श्वास रोखून उभं राहतं, आणि ते माप घरी गेल्यावर सापडत नाही. आम्ही टेप हातात घेऊन आधी गप्पा मारायचो. गड्ड्याच्या जत्रेला जाऊन आलात का, पाऊस कसा काय. माणूस सैल पडलं की मग टेप लावायचा.

बार्शीची_शिवणताई

काकांचं फळ्याचं उदाहरण चोरून नेतेय, राग मानू नका.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. शिकाऊ मुलीच्या हातात गिऱ्हाइकाचं कापड आणि कात्री एकदम द्यायची नाही. अजिबात नाही. पैठणीचा ब्लाऊजपीस पाऊण-एक मीटरचा असतो, त्याला दुसरा तुकडा येत नाही. पण तुरपाई, हुक, काजं, उरेब (तिरकी कापलेली) पट्टी, अस्तर जोडणं, फॉल-पिको ही कामं जरूर द्या आणि त्याचे पैसे द्या. पैसे मिळतात तेव्हा टाका बारीक येतो, हा माझा अनुभव. फुकट राबवून घेतलं की मुलगी महिन्याभरात दुसरा क्लास शोधते, आणि बरोबरच करते.

माझ्याकडे क्लासचे दिवस वेगळे आणि ट्रायलचे वेगळे. ट्रायलला बाई अर्ध्या कपड्यात उभी असते, तिला चार पोरींनी निरखून पाहावं हे बरं दिसत नाही. तुमच्या मावशी तयार झाल्या, पण सगळ्या होत नाहीत. आधी विचारा. हो म्हणाल्या तर शिलाईत सूट द्या.

तीन महिन्यांबद्दल म्हणाल तर आयटीआयचा ड्रेस मेकिंगचा ट्रेडच एक वर्षाचा आहे. तीन महिन्यांत साधा ब्लाऊज, सलवार-कमीज आणि एक पेटीकोट नीट आला तरी पुष्कळ. त्यापुढचं काही फळ्यावर कबूल करू नका. एक वर्षाचं काम तीन महिन्यांत शिकवतो म्हणणारे क्लास आमच्याकडेही गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या प्रमाणपत्राला लॅमिनेशन छान असतं.

ज्या मुलींना पुढे स्वतःचं सुरू करायचंय त्यांना पीएम विश्वकर्मा योजनेचं सांगा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि विनातारण कर्ज पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने. घरातल्या एकालाच मिळते, त्यामुळे अर्ज कोणाच्या नावाने करायचा ते आधी घरात ठरवून घ्यायला सांगा. नाहीतर नवऱ्याचं नाव आधी जातं आणि मशीन चालवते ही.

नवशिकी_२३

मी अशाच क्लासला जाते, म्हणून पोरींच्या बाजूने लिहिते. आम्हाला फॉर्म्युला हवा असतो कारण दिवाळीच्या आत दोन पैसे मिळवायचे असतात. अंगकाठी वगैरे पटतं, पण घरी गेल्यावर टेबल नसतं, फरशीवर कटिंग करतो, आणि विचारायला कोणी नसतं. वहीत काहीतरी पक्कं असलं की धीर येतो. एवढंच.

टेप_खडू_सोलापूर

नवशिकी, तुझं पटलं. खरं म्हणजे या धाग्यातलं सगळ्यात कामाचं तूच लिहिलंस.

काका, तुमची मुंढ्याची गंमत उद्याच करते. पण एक गोष्ट राहते. मुंढा, खांदा मोजून घेतले तरी मावशींचा ब्लाऊज चढणारच होता, कारण व्हिडिओतली पद्धत पुढची आणि मागची उंची एकाच आकड्याने काढते. ब्लाऊजची लांबी चौदा म्हटली की पुढेही चौदा, मागेही चौदा. मग मी पोरींना दोन मापं वेगळी घ्यायला लावली. कमरेला नाडी बांधायची. मानेमागच्या हाडापासून पाठीवरून नाडीपर्यंत एक माप. खांदा मानेला भेटतो तिथून छातीच्या उंचवट्यावरून पुढे नाडीपर्यंत दुसरं. सगळ्या पोरींनी एकमेकींची घेतली आणि वहीत शेजारी शेजारी लिहिली. छाती सारखी असलेल्या दोघींची पाठ सारखी निघाली नाही. एक कॉलेजात व्हॉलीबॉल खेळते, दुसरी आईबरोबर विड्या वळते. दोघींना एकमेकींचे ब्लाऊज घालायला दिले, बाकी मी काहीच बोलले नाही.

मावशींचा पाठीचा भाग आम्ही असा सुधारला, कुणाला उपयोग व्हावा म्हणून लिहिते. खाकी कागदावरच्या पॅटर्नला पाठीच्या फुगवट्यावर, म्हणजे खवाट्याच्या (खांद्यामागच्या सपाट हाडाच्या) उंचीला, मधल्या घडीपासून मुंढ्यापर्यंत आडवा काप दिला. मुंढ्याच्या कडेला काप पूर्ण तोडायचा नाही, कागद तिथं बिजागरीवर राहिला पाहिजे. मग घडीच्या बाजूला अर्धा इंच उघडला आणि खाली पट्टी चिकटवली. पाठीची उंची वाढली, मुंढा होता तेवढाच राहिला.

खरा घोळ इथून पुढे आहे. काप उघडला की मधली रेषा सरळ राहत नाही, वरचा भाग तिरका होतो. मागे हुक असते तर ती रेषा तशीच वळवून शिवता आली असती. पण मावशींना हुक पुढेच लागतात, म्हणजे पाठ घडीवर येणार आणि घडी सरळच हवी. रेषा सरळ केली की मागचा गळा रुंद होतो. ती जास्तीची रुंदी गळ्याला दोन्हीकडे बारीक टक (चिमटी दाबून शिवलेली घडी) घालून आत घेतली. दुसऱ्या ट्रायलला खांद्याची शिवण खांद्यावर बसली. मावशी आरशात न बघता हात वर करून बघत होत्या. वरचा डबा काढता येतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

पाठीचा गळा खोल असेल तर मात्र एवढा खटाटोप करू नका. गळा तिथूनच कापला जातो, दुरुस्ती केलेला भाग कात्रीखाली जातो. तिथं दोरी आणि खांद्याचा उतार सांभाळला तरी भागतं.

तेव्हा नवशिकी, फॉर्म्युला देतेच. पण वहीतल्या फॉर्म्युल्याच्या जोडीला प्रत्येक पोरीने स्वतःच्या अंगाचा साधा पॅटर्न जाड पुठ्ठ्यावर कापून घरी न्यायचा. विचारायला कोणी नसेल तेव्हा तो पुठ्ठा नव्या गिऱ्हाइकाच्या मापाशेजारी धरायचा आणि कुठे जास्त, कुठे कमी ते बघायचं. बाजूच्या शिवणीत इंचभर माया (शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड) ठेवायची. कारखान्यात मी ठरलेल्या मायेपेक्षा दोऱ्याभर जास्त सोडली तरी सुपरवायझर ओरडायचा. इथं त्याच इंचावर गिऱ्हाईक पाच वर्षं टिकतं.

बार्शीच्या ताई, ट्रायलचे दिवस वेगळे करते. शिलाईत सूट नको म्हणाल्या मावशी, त्याऐवजी नातीला क्लासला घ्या म्हणाल्या. घेतली.

विजापूररोड_राहुल

थोडं विषयांतर. सोलापुरी चादरीचं जॅकेट शिवून देता का? दोन टेलरांनी नाही म्हणून सांगितलं.

टेप_खडू_सोलापूर

देते, पण ते का नाही म्हणाले ते समजून घ्या. चादर सूटिंगसारखी दुमडून दोन थरात कापता येत नाही. नक्षी मोठी असते, खालच्या थरात कुठे सरकली ते दिसत नाही. एकेक भाग उलगडून, एका थरात कापावा लागतो. डावं पान कापलं की तेच उलटं ठेवून फुलाला फूल लावून उजवं कापायचं. कापल्या कापल्या कडा सुटतात, म्हणून आधी ओव्हरलॉक, मगच बाकीचं.

आणि आधी चादर धुऊन आणा, नवी कोरी आणू नका. सुती आहे, आटते.

फिटिंगचं जॅकेट मागू नका. एवढ्या जाड कापडात बाहीच्या डोक्यावरचं जास्तीचं कापड मुंढ्यात जिरत नाही, चुण्या दिसतात. खांदा थोडा उतरता ठेवून बाही सपाट लावली तर छान बसते. आतून अस्तर नको, जड होतं. कडांना उरेब पट्टी लावू. चादरीची उलटी बाजूही नक्षीदार असते, रंग तेवढे उलटे, म्हणून कॉलर पलटून लावली तर वेगळीच मजा येते. काठ खाली घेराला घ्यायचा की बाहीच्या टोकाला, ते ठरवून या. दोन्हीकडे हवा असेल तर तेवढा काठ पुरतो का ते चादर बघितल्यावर सांगेन.

कात्रीवाले_काका

सुई कितीची वापरता? सोळावर आमची तुटायची.

टेप_खडू_सोलापूर

अठरा नंबर, काका, आणि टीप मोठी. जिथं चार थर एकत्र येतात तिथं जुकी बंद ठेवते, पायमशीनवर चाक हाताने फिरवून टाके घेते.