वायपरची मोटर खरंच बदलावी लागेल का? गणपतीच्या आत सल्ला हवा आहे

भातखाचर:
दर गणपतीला आम्ही पुण्याहून उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट असे चिपळूणला जातो. गेल्या रविवारी भर पावसात साताऱ्यापर्यंत जाऊन आलो आणि धास्तीच बसली. माझ्या डोळ्यांसमोरच वीतभर पट्टा पुसला जात नाही. वायपर वर जाताना गुपचूप जातो, खाली येताना थडथडतो. समोरून ट्रक आला की त्या पट्ट्यात नुसता उजेड पसरतो. पाणी मारावं तर डावीकडून फवारा नीट येतो, उजवीकडे, म्हणजे माझ्याच बाजूला, थेंब थेंब गळतं.

गाडी ७ वर्षांची हॅचबॅक. वायपर २ वर्षांपूर्वी बदलले होते. गॅरेजवाले म्हणतात मोटर आणि लिंकेज, अख्खा सेट बदला. खर्चाला ना नाही, सोबत आई असते आणि घाट रात्रीचा असतो. पण दुखणं मोटरचं नसेल तर सेट बदलूनही तीच गत व्हायची. काय काय तपासू? आणि वायपरच्या पात्या फ्रेमच्या घेऊ की बिनफ्रेमच्या?

सह्यवाट:
मोटरला हात लावू नका. आधी रबर बदला. वर्षाला एक जोड, मृगाच्या आधी, हा माझा नेम आहे.

ऑटोवायरमन:
भातखाचर, लक्षणं तुम्ही नीट लिहिलीत, निम्मं निदान त्यातच आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वायपरची मोटर एकाच दिशेने गोल फिरते. आत वर्म गिअर असतो, तो वेग कमी करतो आणि जोर वाढवतो. पुढे क्रँक आणि लिंकेजच्या दांड्या त्या गोल फिरण्याचं डावं-उजवं हेलकावणं करतात. म्हणजे वर जाताना आणि खाली येताना मोटरचं काम तेच. एकाच दिशेला थडथड होते आहे तर दोष मोटरच्या पुढे शोधायचा.

तरीही मोटरची परीक्षा घ्या. काच ओली करून कमी आणि जास्त, दोन्ही वेग चालवा. मग वायपर मध्यावर असताना बटण बंद करा. चांगला वायपर तिथे थांबत नाही, खाली जागेवर जाऊनच निजतो. मोटरच्या गिअरमध्ये त्यासाठी वेगळा संपर्क असतो, बटण बंद केलं तरी पाती खाली येईपर्यंत तो वीज देत राहतो. दोन्ही वेग मिळाले आणि वायपर जागेवर बसला तर मोटर ठणठणीत आहे. मोटर घुं घुं करते पण वायपरचा एकच हात, म्हणजे पाती धरणारी दांडी, हलत नाही, असं असेल तर त्या हाताच्या बुडाशी टोपणाखालचा नट ढिला झालेला असतो किंवा दांडीचा सांधा निसटलेला असतो. तिथेही मोटर बदलायची नसते.

आता थडथड. रबराची धार काचेवर थोडी कलून घासते आणि प्रत्येक फेरीच्या टोकाला कूस बदलते. गाडी उन्हात उभी राहून रबर ताठरलं की ते एकाच कुशीवर राहतं, मग परतीच्या फेरीत ओढलं न जाता ढकललं जातं आणि उड्या मारतं. नव्या रबरानेही थडथड राहिली तर हाताला पीळ पडलेला असेल. पाती काढल्यावर हाताचं टोक काचेला समांतर दिसायला हवं. पीळ मेकॅनिककडूनच काढून घ्या. पाती काढलेली असताना काचेवर जाड टॉवेल घाला. स्प्रिंगचा हात सुटून आपटला तर काच तडकते.

पुसला न जाणारा पट्टा म्हणजे तिथे दाब पोचत नाही. फ्रेमच्या पातीत एका स्प्रिंगचा दाब रबर धरणाऱ्या नख्यांमधून सहा-आठ ठिकाणी वाटला जातो. चिखलाने नखी अडकली की तेवढा भाग उचललेला राहतो. बिनफ्रेमच्या पातीत हे काम पोलादी पट्टीचा बाक करतो, म्हणून तुमच्या काचेच्या गोलाईला तो जुळायला हवा. गाडीसोबत आली होती त्याच प्रकारची आणि मापाची घ्या. ड्रायव्हरची आणि शेजारची लांबी बहुधा वेगळी असते, दोन्ही मोजून जा.

राधानगरी:
फवाऱ्याचं मी सांगते, आमच्याकडे बोअरचं पाणी आहे आणि हे दुखणं दर वर्षी येतं. टाकीच्या बुडाशी छोटा पंप असतो, तो एकच. डावीकडे पाणी जोरात येतंय म्हणजे पंप चांगला आहे. उजव्या नोझलमध्ये क्षार साचलेत किंवा बॉनेटखाली नळी दुमडली आहे. आधी नळी बघा. मग बारीक सुईने नोझलचं भोक मोकळं करा. नोझल फिरणाऱ्या गोळीचं असेल तर त्याच सुईने ते किंचित वर वळवा, वेगात वारा पाणी खाली दाबतो. टाकीत आरओचं पाणी आणि वॉशर लिक्विड घाला. भांड्यांचा साबण नको, फेस होतो आणि वाळून काचेवर थर बसतो. टाकी रिकामी असताना बटण दाबून ठेवू नका, पंप जळतो.

आणि मागचा वायपर असेल तर तोही तपासा. बऱ्याच गाड्यांत तोच पंप उलटा फिरून मागे पाणी पाठवतो.

भातखाचर:
दोघांचेही मनापासून आभार. आज दोन तास यावर घालवले. दोन्ही वेग चालतात, वायपर जागेवर जाऊन बसतो. नोझल सुईने मोकळं झालं. उजव्या पातीची मधली एक नखी गंजून घट्ट बसली होती. नवी जोडी बसवली, थडथड नव्वद टक्के गेली. पण समोरून उजेड आला की काच अजून दुधाळ दिसते.

ऑटोवायरमन:
तो तेलाचा थर. पुढच्या गाड्यांचा धूर आणि रस्त्यावरचं ऑइल पावसात उडून काचेवर बसतं, वायपर ते फक्त पसरवतो. सावलीत काच साध्या पाण्याने धुवा, मग काच साफ करायच्या लिक्विडने दोनदा पुसा, दर वेळी वेगळं कोरडं फडकं घ्या. काचेवर मेणाचं पॉलिश लागलं असेल तर तेही काढा, उरलेली दहा टक्के थडथड त्याचीच असू शकते. रबराची धारही ओल्या फडक्याने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. काच आतूनही पुसा, डॅशबोर्डची वाफ तिथे बसते. मग अंधार पडल्यावर गाडी उभी करून कुणाला तरी समोरून बाईकचा दिवा लावायला सांगा आणि काचेवर पाणी मारून बघा. घाटात जे दिसणार आहे ते अंगणातच दिसेल.