विषय: भिंतीत आर-20+5 की आर-13+10?

नमस्कार मंडळी,
ह्यूस्टनहून मिनिॲपोलिसला आलो, घर बांधायला घेतलंय. बिल्डर दोन पर्याय देतोय. टू-बाय-सिक्स स्टडमध्ये (भिंतीतल्या उभ्या लाकडी खांबांच्या मधे) आर-20 (आर म्हणजे उष्णता अडवायची ताकद) आणि बाहेरून आर-5 चा फोम, नाहीतर टू-बाय-फोरमध्ये आर-13 आणि बाहेरून आर-10. बेरीज 25 आणि 23. म्हणजे पहिलाच घ्यायचा ना? ह्यूस्टनला नुसतं आर-13 होतं, कधी विचारच करावा लागला नाही.

---

अहो, बेरीज करू नका! भिंतीचा साधारण पाव भाग लाकूड असतो आणि लाकडाचा आर इंचाला जेमतेम सव्वा. टू-बाय-सिक्सचा प्रत्यक्षात साडेपाच इंची स्टड म्हणजे आर-7, तिथे तुमचं 20 नाहीच. बाहेरचा फोम मात्र स्टडवरूनही जातो. असं मोजलं तर दोन्ही भिंती 20 च्या आसपासच येतात.

खरा फरक ओएसबीच्या (स्टडवर बाहेरून ठोकलेल्या, लाकडाच्या तुकड्यांच्या फळीच्या) तापमानात आहे. आपल्याकडे जानेवारीची सरासरी 16 फॅरनहाइट, घरात 70 धरा. 20+5 मध्ये ओएसबीची आतली बाजू 27 वर बसते, 13+10 मध्ये 39 वर. आत 30 टक्के आर्द्रता असली तर दव 37 ला धरतं. पहिल्या भिंतीत शिरलेली वाफ तिथेच गोठणार.

आमच्या जुन्या घराचं साइडिंग (भिंतीचं बाहेरचं आवरण) काढलं तेव्हा स्वयंपाकघराच्या स्विचबोर्डामागचं ओएसबी भिजल्या खारीसारखं हातात आलं. बोर्डाभोवतीची फट कुणी बुजवलीच नव्हती, कुकरची वाफ वर्षानुवर्षं तिथूनच जात होती.

आयईसीसीच्या (अमेरिकेतल्या ऊर्जाबचतीच्या नमुना बांधकाम कोडच्या) 2012 ते 2018 च्या आवृत्त्यांत झोन 6 ला, म्हणजे आपल्या थंड हवामान विभागाला, हे दोन्ही पर्याय चालतात. राज्यं त्यात फेरफार करतात, आपल्यानेही केलेत, तेव्हा इन्स्पेक्टरला विचाराच. पण टू-बाय-फोरवर बाहेरून आर-7.5 किंवा त्याहून जास्त फोम असेल तर नमुना कोडप्रमाणे वाफ अडवायला आतून साधा लेटेक्स रंग पुरतो. टू-बाय-सिक्सला त्यासाठी 11.25 लागतो. तुमच्या 5 वर भागत नाही, आतून बाष्परोधक थर आलाच.

(पुण्यातली नऊ इंची विटेची भिंत आर-2 सुद्धा नसेल. तिथे आपण शाल घेतो.)

---

काका, ह्यूस्टनवाल्यांसाठी एक पुरवणी. इथे झोन 2, सगळं उलटं. दमट हवा बाहेरून आत येते आणि एसीने गार झालेलं ड्रायवॉल (आतल्या बाजूचा जिप्समचा बोर्ड) तिला अडवतं. त्यामागे प्लास्टिक लावलंत तर बुरशी ठरलेली. उत्तरेच्या भावाचं ऐकून कुणी लावू नका!

---

काका, ताई, धन्यवाद. 13+10 घेतोय. दोन इंच फोममुळे खिडक्यांच्या चौकटी वाढवाव्या लागतील आणि साइडिंगला लांब स्क्रू, त्याचे पैसे वेगळे म्हणाला. काका, ड्रायवॉल चढायच्या आत एकदा येऊन स्विचबोर्ड बघाल का? चहा साइटवरच, थर्मासमधून.