प्रति: विषाणूला पेशीच्या दारातच का अडवत नाहीत?

दादा, तुम्ही विचारलं की विषाणू पेशीत शिरण्याआधीच औषधानं का अडवत नाहीत. आमच्या यवतमाळकडे कपाशीवाल्याला हे पटकन समजेल: गुलाबी अळी बोंडात शिरली की फवारा वरच्यावर राहतो.

पण कोरोनाला वाटा दोन. विषाणूवरचा काटा, म्हणजे स्पाइक, आपल्या पेशीवरच्या एसीई२ या प्रथिनाला चिकटला की टीएमपीआरएसएस२ हे विकर (एन्झाइम) त्याला पेशीच्या पृष्ठभागावरच कापतं, नाहीतर विषाणू एंडोसोममधून, म्हणजे पेशी आत ओढून घेते त्या पिशवीतून, आत जातो. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध ही दुसरी वाट अडवतं. प्रयोगशाळेत वापरतात त्या माकडाच्या व्हेरो पेशींत पहिली वाट जवळपास नाहीच, म्हणून तिथं ते चाललं. माणसाच्या फुप्फुसपेशींत पहिली वाट उघडी असते, म्हणून तिथं ते चाललं नाही. (२०२०मध्ये त्याच गोळीसाठी मेडिकलवर मीही उभा होतो!) पहिली वाट अडवणारं कॅमोस्टॅटही रुग्णांवरच्या चाचण्यांत फारसं टिकलं नाही.

एचआयव्हीसाठी मात्र असं प्रवेशरोधक औषध २००३मध्ये आलं, एनफ्युविर्टाइड. तेही दिवसातून दोनदा सुई टोचून घ्यावं लागे.