निवांत म्हणजे नक्की काय? आरामात, की वारा नाही असं?

जानेवारीत मित्राच्या शिडाच्या होडीतून रत्नागिरीहून विजयदुर्गला गेलो होतो, तेव्हापासून हा शब्द डोक्यात अडकलाय. पहाटे मतलई वारा होता तोवर किनाऱ्याकिनाऱ्याने मस्त चाललो, दुपारी खारा वारा सुटला, लाटा अंगावर यायला लागल्या आणि मला बोट लागली (धक्क्याला नव्हे, पोटात). किल्ला उजव्या हाताला ठेवून वाघोटन खाडीत शिरलो, आणखी जरा आत गेलो तर शीड लुळं पडलं, पाणी गप्प. सोबतचे तांडेलकाका म्हणाले, "हयसर निवांत आसा, टाक नांगर." मला वाटलं मलाच म्हणतायत, बस आता आरामात. पण ते बघत होते पाण्याकडे. रात्री डेकवर डासांची कॉइल लावली तर धूर दोऱ्यासारखा सरळ वर, जराही हलेना. मग निवांत हे माणसाचं विशेषण की जागेचं?

— जागेचंच आधी. संस्कृत निवात, नि + वात, म्हणजे जिथे वारा लागत नाही ते. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या मनाला निवातस्थ दिव्याची उपमा आहे, वारा नसलेल्या जागी ठेवलेला दिवा जसा हलत नाही तसं. तुमची कॉइल म्हणजे तोच दिवा की हो! मराठीत मधे अनुस्वार आला आणि अर्थ जागेवरून माणसावर सरकला, आता आपण रविवारी निवांत असतो आणि पंखा मात्र पाचवर.

— मग निवारा पण यातलाच का?

— नाही, ऐकायला जवळचा वाटतो एवढंच. निवारा हा निवारणातला, अडवणं, थोपवणं. वापरातही फरक आहे बघा. डिसेंबर २०१७ ला ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या बोटी देवगड बंदरात येऊन थांबल्या, तो निवारा. तिथे निवांत कोण असणार, घरी फोन लागेना, बाहेर दर्या खवळलेला. तुम्ही हौसेने खाडीत थांबलात ते निवांत. आणि किल्ल्याची भिंत किंवा डोंगराचं टोक मधे येऊन वारा अडतो त्याला आम्ही साधं आडोसा म्हणतो, "आडोशाला लाव" असं.

— विषय निघालाच आहे तर नांगर पण घ्या. शेतातला नांगर संस्कृत लांगलवरून आणि होडीचा नांगर फारसी लंगरवरून, दोन वेगळ्या गावचे पाहुणे एकाच नावाने राहतायत. मी इतकी वर्षं समजत होतो की होडीचा नांगर तळ नांगरतो म्हणून नांगर! बाकी सुकाणू अरबी, बंदर फारसी, नाखवासुद्धा फारसी नाखुदावरून, म्हणजे नावेचा मालक. या सगळ्या परदेशी खलाशांत निवांत तेवढा घरचा.

— मूळ प्रश्न विचारणारा: काल तांडेलकाकांना फोन करून सरळ विचारलं, तुम्ही मला म्हणालात की जागेला? तर म्हणे, "वारो नाय म्हटलंय रे, तू तर ओकत होतंस." वेंगुर्ला-मालवणकडचं कोणी असेल तर सांगा, तिकडे एखाद्या ठरावीक जागेला नुसतं "निवांत" म्हणतात का, म्हणजे "चल निवांतात जाऊया" असं?