सरांची मूळ कॅसेट सभेत वाजवू नका

मुलांना प्रार्थना शिकवणारे आपले सर गेले. त्यांच्या श्रद्धांजली सभेत त्यांच्याच आवाजातल्या प्रार्थना जुन्या कॅसेटवरून लावाव्यात, अशी एक सूचना आली आहे; ती फार मोलाची आहे. फक्त मूळ कॅसेट सभेत नेऊ नका. 20-30 वर्षं पडून राहिलेल्या कॅसेटमध्ये फितीमागचा फेल्टचा चिमुकला तुकडा बऱ्याचदा सुटलेला असतो, मग आवाज दबका आणि कमीजास्त येतो. आधी वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही कान तोडा, म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही. प्लेअरचं हेड (फितीला टेकून आवाज वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकू द्या, फीत एकदा शेवटपर्यंत नेऊन परत आणा, कारण सैल-घट्ट गुंडाळलेली फीत हमखास अडकते. मग कॅसेट वाजवून संगणकावर रेकॉर्ड करा आणि 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी) फाइल करा; सभेत तीच लावा. रेकॉर्ड करताना आवाजाची पातळी उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

खरखर काढायचीच तर त्या फाइलच्या प्रतीवर, आणि थोडीच. जास्त काढली की पेटीच्या भात्याचा श्वास जातो, शब्दांतले स-श बोथट होतात. गाण्यांच्या मधलं बोलणं मात्र कृपया कापू नका. "पुन्हा, पहिल्या ओळीपासून" असं मुलांना सांगणारा त्यांचा आवाज तिथेच राहिलेला असतो.