केरी ते मोरजी (उत्तर गोवा): किनाऱ्यावर रात्रीच्या पहाऱ्यासाठी गावचा गट काढायचाय, पद्धत काय?

रेतीवाट
पागी (मासेमारी करणारे), शॅकवाले आणि क्लबाची पोरं मिळून 18 जण तयार आहेत, पंचायतीचीही ना नाही. तेरेखोल नदीच्या तोंडापासून शापोरा नदीच्या तोंडापर्यंत लक्ष ठेवायचा विचार आहे. अनोळखी होडी काठाला लागली तर अडवता येते का? कळवायचं कुणाला?

जुनी_खाकी
अधिकार शून्य धरून चाला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा डोळ्यांसमोर घडला, तर कोणीही माणसाला धरू शकतो. पण त्याला विनाकारण उशीर न लावता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं. होडी ‘संशयास्पद वाटली’ म्हणजे गुन्हा घडला असं नव्हे. झडती घेणं, मोबाईल काढून घेणं तर सोडूनच द्या. गट फसतात ते इथेच: एखाद्या परप्रांतीय खलाशाला चोप बसतो आणि गुन्हा नोंद होतो तो पहारेकऱ्यांवर. जॅकेटवर ‘पोलीस’ छापू नका, लाठी नको.

सगळ्यांची नावं, फोटो, पत्ते ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. ज्यांना गणवेश आणि प्रशिक्षण हवंय त्यांच्यासाठी होमगार्ड आहे, तो रस्ता वेगळा.

पाळ्या घड्याळावर नको, भरतीवर लावा. शापोऱ्याच्या तोंडावर रेतीचा बांध आहे, भरलेली होडी ओहोटीला आत घेणं जोखमीचं. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, तेव्हा पाळीही सरकायला हवी. चौघे एका रात्री, दोन जोड्या. म्हणजे एकाला आठवड्यात एक-दोनदाच जागरण.

तांडेल_मांद्रे
नंबर: किनारी पोलीस 1093, तटरक्षक दल 1554, काहीच लागलं नाही तर 112. होडीवर व्हीएचएफ (समुद्रावरचा बिनतारी रेडिओ) असेल तर चॅनल 16. फक्त हाक मारायला, गप्पा दुसऱ्या चॅनलवर.

कळवताना पाच गोष्टी: जागा, वेळ, होडीचा रंग आणि नंबर, माणसं किती, तोंड कुठल्या दिशेला. जागेत घोळ होतो तो असा. जीपीएसवर 15°36.50 दिसतं आणि फोनवर सांगतात ‘15 अंश 36 मिनिटं 50 सेकंद’. खरं तर .50 म्हणजे अर्धं मिनिट, 30 सेकंद. फरक 20 सेकंदांचा, पाण्यावर 600 मीटरांच्या वर. अंधारात तेवढ्यात गस्ती बोट बाजूने निघून जाते. ‘छत्तीस दशांश पाच शून्य मिनिटं’ असंच म्हणा.

आणि फोटो आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. दहा मिनिटांत तो होडीवाल्याच्याच हातात असतो.

रेतीवाट
टॉर्च किती वॅटचे घ्यावेत? आणि सिंधुदुर्गातल्या होड्यांचं काय?

कासवकाठ
मोरजी आणि आश्वे-मांद्रेला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हंगामात पांढरा झोत मारला तर मादी वाळूवरून परत फिरते. लहान टॉर्च, काचेवर लाल जिलेटिन, बस्स. वनखात्याची माणसं तिथे रात्री असतातच, त्यांना यादी देऊन ठेवा, नाहीतर पहिल्याच रात्री एकमेकांना संशयित ठरवाल.

तांडेल_मांद्रे
तेरेखोलच्या पलीकडे रेडी, तिथल्या होड्या रोजच्याच. आधी महिनाभर फक्त वही भरा: कुठली होडी, किती वाजता, किती खलाशी. नेहमीचं काय ते कळल्याशिवाय वेगळं काय ते दिसत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदीत मात्र यांत्रिक ट्रॉलर बाहेर दिसला की लगेच फोन.

लांब पाण्यावर पांढरा उजेड दिसला तर बहुधा एलईडीवाले, म्हणजे दिव्यांच्या झोतावर मासे गोळा करून पकडणारे. त्यावर 2017 पासून बंदी आहे, पण ती तक्रार मत्स्योद्योग खात्याची. 1093 वर रोज तेच सांगत बसलात तर खऱ्या वेळी तुमचा फोन कोण मनावर घेणार?

जुनी_खाकी
एक राहिलं. लाटांवर आलेला डबा, पिंप, गुंडाळी काहीही असो, हात लावायचा नाही, पाय लावून उलटायचीही नाही. लोकांना लांब ठेवा, फोन करा. ओहोटीची वेळ असेल तर तेही सांगा.