रानातून येताना तुमच्या घरचे काय आणायचे?

भीमाकाठ

आज सकाळी सहाला कुकर लावत होते आणि खालच्या गुलमोहरावर पावशा सुरू झाला. पेरते व्हा, पेरते व्हा. वाकडला, नवव्या मजल्यावर. इथं काय पेरू बाबा, कुंडीत कोथिंबीर? पण हात तिथंच थांबला आणि अण्णा आठवले.

आमचं रान मंगळवेढ्याकडं. काळं, खोल, चिकट. विहिरीला पाणी नाही, सगळी भिस्त रब्बीच्या ज्वारीवर. मालदांडी. म्हणजे जूनमध्ये आम्हाला पेरायचं नसायचंच, आमची पेर गणपती-नवरात्राच्या आगंमागं. तरी पावशा ओरडला की अण्णा वर बघून त्याला उत्तर द्यायचे, "आरं थांब की जरा, आमाला अजून तीन महिनं हायत." रोज, न चुकता. आई म्हणायची, पाखराशी बोलतात त्याच्या निम्मं माझ्याशी बोलले असते तर.

घर आणि रान, मधला रस्ता. यापलीकडं त्यांना कुठं जायचंच नसायचं. पंढरपूर एवढं जवळ, पण मुक्काम कधी केला नाही. देवाला सांगून यायचे म्हणे, बैलं उपाशी हायत.

आणि रिकाम्या हातानं कधी आले नाहीत. उपरण्याच्या टोकाला गाठ, आणि आम्ही तिघं भावंडं उंबऱ्यावर. गाठीत काय आहे ते आधी ओळखायचं, मग सोडायची. थंडीत हरभऱ्याचा डहाळा, बोरं, हुरड्याची कणसं. करडईची कोवळी पानं, ती आईसाठी. पावसाळ्यात घोळ नाहीतर तांदुळजा. काहीच नसलं तर बाभळीचा डिंक. एकदा सशाचं पिल्लू निघालं! आम्ही नाचलो. आई एवढंच म्हणाली, त्याची आई रात्रभर हुडकत बसंल. झालं. ताट तसंच ठेवून, कंदील घेऊन परत रानात. सापडलं होतं त्याच जागी ठेवून आले. यायला दहा वाजले, आणि गाठीत पुन्हा बोरं.

तुमच्या घरचे काय आणायचे? लिहा. माझी डाळ करपली ती गोष्ट वेगळी.

चिंचगूळ

कुकरमध्ये डाळ करपते म्हणजे पाणी घालायचं राहिलं. (सॉरी, राहवलं नाही.) धागा झकास. ऑफिसात आहे, रात्री लिहिते.

माडबन

चढणीचे मासे आणि कुर्ल्या. विषय संपला.

नाही, संपला नाही. पहिला मोठा पाऊस झाला की आजोबा रात्री बत्ती घेऊन व्हाळावर. आम्ही झोपलेले. बाराच्या सुमारास अंगणातून हाक, "चूल पेटय गो, कुर्ल्यो गावल्यो!" आजी शिव्या घालत उठायची आणि पाट्यावर वाटप वाटायला बसायची. रात्री एक वाजता आम्हा पोरांना झोपेतून उठवून कुर्ल्यांचं सार आणि भात. डोळे अर्धे मिटलेले, हात मात्र बरोबर नांगीवर. आजोबा न झोपताच पहाटे जोत घेऊन मळ्यात.

आता व्हाळाला सिमेंटचा बंधारा झालाय. मासे चढतात का ते बघायला गावात जूनमध्ये कोणी असतच नाही.

पऱ्हाटी

मी यवतमाळकडची. आमच्याकडे रान नाही म्हणत, वावर. रान म्हणजे जंगल. बाबा वावरातून आले की डोक्यावर बैलांसाठी गवताचा भारा आणि शर्टाच्या खिशात टेंभरं. पिकलेली, फुटलेली. खिसा चिकट व्हायचा, त्यावर आईचा एक ठरलेला संवाद होता, तो इथं लिहिण्यासारखा नाही. पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, मिळाल्या तर त्या दुपट्ट्यात, आणि कुठं मिळाल्या ते सख्ख्या भावालाही सांगायचे नाहीत.

पण खरी माया बैलांवर. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदे शेकायचे, हळद-तूप लावायचे आणि कानाशी जाऊन म्हणायचे, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. बैल जेवल्याशिवाय आम्हाला पुरणपोळी नाही. काही वर्षांपूर्वी बैल विकले. सांभाळणं होईना, गडी मिळेना. आता पोळ्याला मातीची जोडी पूजतात. आवतन द्यायला मात्र अजून गोठ्यातच जातात. गोठ्यात भावाची मोटारसायकल असते.

चिंचगूळ

पऱ्हाटी, बसमध्ये वाचतेय. आधी हसले, मग नाही हसले.

जुना खोंड

वय 64. टायपायला वेळ लागतो, समजून घ्या.

1972 साली रान होतं, रानात काही नव्हतं. वडील पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. तिथं मजुरांना सुकडी मिळायची. ती ते रुमालात बांधून घरी आणायचे आणि आम्ही पाच जण वाटून खायचो. "मला गोड सोसत नाही," हे त्यांचं उत्तर आम्ही खरं मानलं. पुढं बऱ्याच वर्षांनी विहिरीला पाणी लागलं, धाकट्याचं लग्न झालं. त्या लग्नात म्हाताऱ्यानं व्याह्याशी पैज लावून जिलबी खाल्ली आणि जिंकली. मी वाढपी होतो. हातातलं तबक तसंच धरून बघत राहिलो.

आमच्या मिसेस म्हणतात, हे पन्नास वेळा सांगून झालंय.

भीमाकाठ

काका, एक्कावन्नाव्यांदा सांगा.

तिखटजाळ

सगळ्यांचे बाबा-आजोबा एवढे गोड? आमचे तात्या रानातून शिव्या आणायचे. मोटर जळाली, दर पडला, टोळी मिळाली नाही, सगळं आमच्यावर. लहानपणी सायकलच्या घंटीचा आवाज आला की आम्ही मागल्या दारानं पसार.

आणि दुसरं. खुरपायला, वेचायला, मळायला कोण होतं? आई. सकाळी घरचं आवरून दुसऱ्याच्या रानात मजुरी, मग आपल्या. डोक्यावर सरपण, पदराच्या ओट्यात भुईमुगाच्या शेंगा. काढणीला रोजगार म्हणून शेंगा मिळायच्या त्या. अंगणात आल्यावर ओटा आमच्या पुढ्यात रिकामा करायची आणि मग पहिल्यांदा बसायची. सातबाऱ्यावर नाव तात्यांचं. धाग्यात पण बाबांचंच?

नांगरफाळ

तिखटजाळ +1

भीमाकाठ

ताई, खरं आहे. आणि तुम्ही लिहिल्यावर आठवलं. करडईची पानं अण्णा नाही, आईच आणायची. कोवळी कुठली आणि काटेरी कुठली ते तिलाच कळायचं, अण्णांनी एकदा आणली होती ती घशात टोचली. मी सकाळी सरळ अण्णांच्या नावावर लिहून टाकली. अशीच नावं लागतात बहुतेक. मूळ लेखात बदलत नाही, तसंच राहू दे.

तिखटजाळ

:) आता तात्यांबद्दल एक चांगलं लिहिते, नाहीतर त्यांना उचकी लागेल. माझं बाळंतपण माहेरी झालं तेव्हा रोज पहाटे धारोष्ण दूध घेऊन चार किलोमीटर सायकल मारत दवाखान्यात. आत यायचे नाहीत. खिडकीतून तांब्या द्यायचे आणि डेअरीला शिव्या घालत परत.

ओतूरकर

इथं सगळे आठवणी सांगतायत, मी चालू घडामोडी सांगतो. भाऊ गावी शेती करतो, जुन्नर तालुका. ऊस आणि कांदा. आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाईट. म्हणजे रात्री दारं धरायला, पाणी वळवायला, उसात, आणि उसात बिबट्या. हे काही कथेतलं नाही, आमच्याकडं कुत्री राहिली नाहीत वस्तीवर. भाऊ मोबाइलवर मोठ्यानं भजन लावतो, हातात बॅटरी आणि काठी. वहिनीशी ठरलंय : एक मिस्ड कॉल म्हणजे निघालो, दोन म्हणजे मोटरचा वायसर गेला, उशीर होईल. ती एक येईपर्यंत झोपत नाही.

येताना काय आणतो? चिखल. आणि पोरीसाठी सुगरणीची पडलेली घरटी. सात झालीत. खिडकीला टांगलीत ओळीनं.

माडबन

आणि तीन मिस्ड कॉल?

ओतूरकर

तीनचं काही ठरवलं नाही. वहिनी म्हणाली ठरवायचंच नाही.

पेठेतला

शेतीशी संबंध शून्य. तीन पिढ्या पुण्यात. पण मागच्या जानेवारीत हुरडा पार्टीला गेलो होतो. माणशी बाराशे रुपये, बैलगाडीची फेरी धरून. हुरडा वाटीभर, बाकी पोट मिसळीनं भरलं.

भीमाकाठ

बाराशे!! आमच्याकडं आगटी पेटलेली दिसली की रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. तळहातावर चोळून दिलेला गरम हुरडा, लसणाची चटणी. अण्णांच्या तळहाताला चटका बसायचाच नाही, एवढे घट्टे. पुढच्या वर्षी गावाकडं चला, बैलगाडीची फेरी मात्र नाही.

मांजराकाठ

लातूरकर हजर. आमच्याकडं उलटं असायचं. वर्षातून एक दिवस अख्खं घर रानात न्यायचं. वेळ अमावस्या. कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, मग अंबिल, भज्जी, उंडे, खीर. माणूस ओळखीचा असो नसो, कोपीसमोरून उपाशी जाऊ द्यायचा नाही. त्या दिवशी शहरात चिटपाखरू नसतं, दुकानांना कुलपं. आजोबा त्या दिवशी नवीन धोतर नेसून नुसते बांधावर फिरायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, जेवलास का? मलाच पाच वेळा विचारायचे.

पेठेतला

भजी कुठली? कांदा की बटाटा?

मांजराकाठ

भजी नव्हे हो, भज्जी! तळायची नसते. तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाटाणे, मेथी, पात, गाजर, मिळेल ते शिजवायचं आणि बेसन लावायचं. हे दरवर्षी पुण्यातल्या कुणाला तरी समजवावं लागतं.

पेठेतला

म्हणजे पातळ पिठलं भाज्या घालून.

मांजराकाठ

नाही. (मी आता भांडत नाही, स्वयंपाक करायचाय.)

जुना खोंड

पिठलं म्हणू नका. लातूरची माणसं मनाला लावून घेतात.

चिंचगूळ

रात्री लिहिते म्हणाले होते, तर लिहिते. आमच्या आबांनी जमीन विकली मी सातवीत असताना. का, कशी, ते नको. तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. आबा एका गोदामात वॉचमन. ड्यूटीवरून येताना पण काहीतरी आणायचेच. रस्त्याच्या कडेची चिंच, पडका आवळा, कुणाच्या कंपाउंडबाहेर आलेला शेवगा. एकदा त्यावरून एका बाईंनी चोर म्हणून आरडाओरडा केला. त्यानंतर पंधरा दिवस रिकामे आले. मग एक दिवस खिशातून मूठभर ज्वारी काढली, गोदामात पोत्यातून सांडलेली. आईनं ती दारातल्या रिकाम्या तेलाच्या डब्यात पेरली. सहा ताटं आली, चिमण्यांनी खाल्ली सगळी. आबा बिडी ओढत बसून बघत होते, हाकललं नाही.

पऱ्हाटी

चिंचगूळ, ये इकडं.

तिखटजाळ

जेवलीस का?

चिंचगूळ

जेवले गं. डाळ नाही करपली.

नांगरफाळ

फार वाचलं एका दमात. बरं, ती करडईची भाजी पुण्यात कुठं मिळते का? बायकोचं माहेर पंढरपूरचं, वाचून मागं लागलीय.

भीमाकाठ

आत्ता जूनमध्ये कुठली हो. थंडीत बघा, मंडईत कधीमधी एखादी बाई घेऊन बसते. पानं घेताना तळहातावर घासून बघा, टोचली तर सोडून द्या.